कसर

आमच्या फ्रीजरमध्ये, वाटाण्यांच्या पिशवीशेजारी
एक पॅन्ट झोपली आहे.
दोन आठवडे तिला उठवायचं नाही,
असं नेव्हिलनं चिकटपट्टीवर लिहून ठेवलंय.
खाली तारीख, आणि माझ्यासाठी खास:
'मासे नव्हेत.'

थंडीनं कसर मरते, तो सांगतो.
अंड्यांसकट.
कोट मावेना, म्हणून मागच्या रविवारी
आइस्क्रीमचे दोन डबे आम्ही एका दुपारीत संपवले.

सूट मिळाला टॉडमॉर्डनच्या बाजारात,
कुणा गेलेल्याचं घर उपसणाऱ्यांच्या टेबलाखाली,
पडद्यांच्या ढिगात.
तपकिरी लोकर, तीत गंजाची एक रेघ,
खिडकीशी नेल्याशिवाय न दिसणारी.
नेव्हिल आधी कापड मुठीत आवळतो, मग सोडून देतो.
चुणी स्वतःहून उलगडली की पाकीट काढतो.
घासाघीस करत नाही, ही माझी जुनी तक्रार.

नंतर आतला खिसा उलटा केला.
तिथं शिंप्याची पट्टी, आणि फिकट शाईत
जी. आर. थ्वेट, नोव्हेंबर १९३७.

थ्वेटची कंबर आणि याची कंबर एक निघाली.
माझ्याशी लग्न केलं तेव्हा नव्हती.

आठवडाभर हा माणूस रात्री दोनला उठून
कौन्सिलची लॉरी घेऊन माळावर जातो,
गोठलेल्या रस्त्यांवर मीठ टाकत,
अंधारात चार मैलांवरून दिसेल अशा नारिंगी जाकिटात.
आणि रविवारी
पट्ट्याऐवजी खांद्यावरून गॅलस,
मागं माशाच्या शेपटीसारखी चढलेली कंबर,
बुटांना इतकं पॉलिश की त्यात आमचा बसस्टॉप दिसावा.
पोरं विचारतात, आजोबा, शूटिंग कुठंय?
तो टोपीला हात लावतो:
तुमच्या मागं. तुम्ही फ्रेममध्ये आहात.

पण कोट कुठंतरी अडत होता.
उजवीकडं फुगायचा,
जणू तिथं कुणी श्वास रोखून बसलंय.

मिस अर्लीनकडं नेला.
ऐंशी पार केलेली, कॅरिआकू बेटावरून आलेली,
इथल्याच गिरणीत विणीत सुटलेले धागे
सुईनं भरत तिची तीस वर्षं गेली.
गिरणीचे आता फ्लॅट झालेत.
सुई तिनं घरी आणली.

अस्तर उसवलं. चष्मा कपाळावर सरकवला.
उजव्या खांद्यात कापसाचा एक जादा थर,
अर्धा इंच, कडेला विरत गेलेला, बारीक टाक्यांनी बसवलेला.
डावीकडं काही नाही.

तुमच्या या गृहस्थाचा खांदा पडका होता, ती म्हणाली.
जन्माचा, की ओझ्याचा, की लढाईतला,
ते कापूस सांगत नाही.
शिंप्याला माहीत असणार. बायकोला.
बाकी गावानं ताठ माणूस पाहिला.

थोडा वेळ कुणी बोललं नाही.
शेगडीवर तिचं काहीतरी शिजत होतं, जायफळाचा वास येत होता.

मेल्यावर चौघंजण खांदा देतात.
या शिंप्यानं चालत्याबोलत्या माणसाला दिला,
मापात, आणि बिलात बहुतेक लिहिलाही नाही.

काढू का? अर्लीननं विचारलं. कात्री हातातच होती.
नेव्हिल आरशात बघत राहिला.
नको, म्हणाला. त्याची जागा आहे ती.
तुम्ही गुडघ्यावरचं भोक तेवढं रफू करा.

ती हसली. कसर भरून काढण्यातच
आयुष्य गेलं बाळा, म्हणाली,
आणि माझ्याकडून बारा पौंड घेतले.

आता तो मिठाच्या फेरीवर गेलाय.
कोट दाराशी रुंद हँगरवर टांगलाय,
एक दिवस घातला की एक दिवस विश्रांती, असा घरचा नियम.
मी ब्रश फिरवते, वरून खाली, लव जिकडं झुकते तिकडं,
कॉलर, पाठ, बाह्या.
उजव्या खांद्यावर आल्यावर
हात आपोआप हलका पडतो.